हृदयतालाची औषधे आणि मद्यपान

हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारावर (अतालता) गोळ्या चालू असताना घेतलेली दारू दोन वाटांनी त्रास देते. एक तर ती मुळात ठोकेच बिघडवते, आणि वर गोळ्यांच्या कामातही ढवळाढवळ करते. रुग्णाचे लक्ष सहसा दुसऱ्या वाटेवर असते. ‘गोळी आणि पेग यांत किती तासांचं अंतर ठेवू?’ हा दवाखान्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न. त्याचे तासांत उत्तर देता येत नाही, कारण यातली काही औषधे शरीरात आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात, तर काहींचा एक डोस चुकला तरी संरक्षण उघडे पडते.

अतालतेचे प्रकार बरेच आहेत, पण दीर्घकाळ टिकणाऱ्यांपैकी सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलीत ‘एएफ’. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला ३५० ते ६०० या वेगाने नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांचा ताल सुटतो. कोणाला छातीत धडधडते, कोणाला दोन जिने चढताच धाप लागते. कोणाला काहीच कळत नाही आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत विकार सापडतो. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते व ती मेंदूकडे गेली की पक्षाघाताचा झटका येतो. असा झटका येण्याचा धोका निरोगी माणसाच्या सुमारे पाचपट असतो. म्हणूनच या रुग्णांच्या चिठ्ठीवर ठोक्यांच्या गोळीशेजारी बहुधा ‘रक्त पातळ करणारी’ गोळीही असते.

दारूचा ठोक्यांवर होणारा परिणाम

१९७८ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे फिलिप एटिंगर व सहकाऱ्यांनी २४ रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. हे सगळे भरपूर पिणारे होते आणि शनिवार-रविवारच्या किंवा वर्षअखेरच्या सुट्टीत मनसोक्त पिऊन झाल्यावर ठोके बिघडले म्हणून रुग्णालयात आले होते. या प्रकाराला ‘हॉलिडे हार्ट’ हे नाव तेव्हापासून चिकटले. आपल्याकडे गटारी आणि ३१ डिसेंबर हे त्याचे सरळ समांतर प्रसंग. एरवी न पिणारा किंवा बेताने पिणारा माणूस त्या एका बैठकीत वर्षभराची कसर काढतो, रात्री उशिरा तेलकट-खारट खातो, पाणी कमी पितो, झोपत नाही. पहाटे धडधडीने जागा होतो आणि ॲसिडिटी समजून सोडा पितो.

यामागची यंत्रणा एकच नाही. दारूने वरच्या कप्प्यांतील पेशींचा विद्युत विश्रांतिकाळ आखूड होतो, त्यामुळे भरकटलेल्या विद्युत लहरींना तिथे फिरत राहायला वाव मिळतो. ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये वाढतात. लघवी जास्त होऊन, उलट्या-जुलाब झाले तर अधिकच, पोटॅशियम व मॅग्नेशियम घटते. झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे वाढते. वर्षानुवर्षे पिणाऱ्यात रक्तदाब व वजन वाढून वरचे कप्पे ताणले जातात, आणि काहींचा हृदयस्नायूच कमकुवत होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, अधूनमधून एएफ होणाऱ्या १०० रुग्णांच्या घोट्यावर मद्य ओळखणारे यंत्र व छातीवर ठोके नोंदणारे यंत्र लावले होते. एका पेयानंतरच्या चार तासांत एएफचा झटका येण्याची शक्यता सुमारे दुप्पट, दोन किंवा अधिक पेयांनंतर तिपटीहून जास्त दिसली. ‘एकाने काय होतंय’ या आग्रहाला यंत्राने दिलेले हे उत्तर.

दारू सोडल्याने फरक पडतो का, याची चाचणी ऑस्ट्रेलियात झाली (प्रसिद्धी २०२०). आठवड्याला दहा किंवा अधिक पेये घेणाऱ्या एएफच्या १४० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाने दारू सोडायची, दुसऱ्याने पूर्ववत चालू ठेवायची. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ५३ टक्क्यांना एएफ पुन्हा झाले, दुसऱ्यातील ७३ टक्क्यांना. चाचणीतील आणखी बोलकी गोष्ट म्हणजे, दारू सोडायची अट ऐकूनच बऱ्याच जणांनी सहभागी व्हायला नकार दिला होता. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हा नव्वदच्या दशकात पसरलेला समज रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांच्या संदर्भातला होता आणि आता तोही डळमळीत झाला आहे. ठोक्यांच्या बाबतीत त्याला कधीच आधार नव्हता.

किती म्हणजे किती

युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत एएफच्या रुग्णासाठी आठवड्याला ३० ग्रॅम अल्कोहोल ही कमाल मर्यादा दिली आहे. अमेरिकेतील २०२३ च्या सूचना ताल नियमित ठेवू पाहणाऱ्या रुग्णाला दारू शक्य तितकी कमी किंवा बंद करा म्हणतात. ३० ग्रॅम हा आकडा आपल्या बाटल्यांच्या हिशेबात मांडला की डोळे उघडतात. भारतीय व्हिस्की किंवा रममध्ये सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल असते. तिचा ६० मिलीचा एक मोठा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम, आणि १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम. आठवड्याचा कोटा दीड पेगात संपला. एका क्वार्टरमध्ये पंधरा दिवसांचा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ४० ग्रॅमच्या वर जाते, त्यामुळे ‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्याला इथे किंमत नाही. गोव्यात फेणीचा हिशेब व्हिस्कीसारखाच धरावा. उन्हाळ्यात लिंबूसोड्याबरोबर सरबतासारखा रिचवला जाणारा हुर्राक साधारण १५ टक्क्यांचा असतो, आणि तो मोजून कोणी पीत नाही ही खरी अडचण. घरी गाळलेल्या मोहाच्या दारूचे प्रमाण तर गाळणाऱ्यालाही ठाऊक नसते.

महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळतो आणि त्याचे अधिकृत कारण आरोग्य राखणे हे आहे. एएफच्या रुग्णाच्या खिशात असा परवाना असणे हा निव्वळ सरकारी विनोद.

याउलट आसव-अरिष्टांकडे मात्र कोणी दारू म्हणून पाहत नाही. हृदयासाठी म्हणून घेतले जाणारे अर्जुनारिष्ट आंबवून बनते व त्यात आपोआप तयार झालेले अल्कोहोल साधारण ५ ते १२ टक्के असते. ३० मिलीच्या मात्रेत ते एक ते तीन ग्रॅमच भरते, म्हणजे घाबरण्याजोगे नाही. पण रोज दोनदा घेतले तर आठवड्याच्या हिशेबात येते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर चालू असेल तर डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

औषधानुसार फरक

ठोक्यांचा वेग आवरणारी मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम ही औषधे रक्तदाबही उतरवतात. दारूनेही रक्तवाहिन्या सैलावतात. दोन्ही एकत्र आले की बसलेला माणूस उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोप्रॅनोलॉलची रक्तातील पातळी दारूमुळे वाढू शकते. व्हेरापामिलचे उलटे आहे: ते दारूचाच निचरा मंदावते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत नशा जास्त चढते व जास्त वेळ टिकते. मधुमेही रुग्णाला आणखी एक धोका संभवतो. रिकाम्या पोटी घेतलेल्या दारूने साखर उतरते, आणि साखर उतरल्याची खूण असलेली धडधड ही बीटा-ब्लॉकर गटातली (मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल) गोळी झाकून टाकते.

डिगॉक्सिन आणि सोटॅलॉल यांच्या बाबतीत दारूचा थेट संबंध कमी, पोटॅशियमचा जास्त. पिऊन उलट्या झाल्या, वर लघवी वाढवणारी गोळी चालू असली, की पोटॅशियम-मॅग्नेशियम खाली येते. मग डिगॉक्सिनची नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते आणि सोटॅलॉलमुळे खालच्या कप्प्यांची जीवघेणी अतालता उद्भवू शकते. फ्लेकेनाइड हे औषध हृदयस्नायू धड असलेल्यालाच देतात. १९८९ मध्ये उघड झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत त्याने मृत्यू वाढवले होते. दारूने हृदय कमकुवत झालेल्या माणसाला म्हणूनच ते चालत नाही, आणि तो किती पितो हे त्याने लपवले असेल तर डॉक्टरांचा अंदाज चुकतो.

अमिओडॅरोन हे या सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत त्रासदायक. थायरॉइड, फुफ्फुसे व यकृत यांवर त्याचा ताण पडतो, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासण्या करतात. त्याने बिघडलेल्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब दारुड्याच्या यकृतासारखा दिसू शकतो. रुग्ण खरोखरच पीत असेल तर दोष कोणाचा हे ठरवणे अवघड होते आणि बऱ्याचदा उपयुक्त औषध बंद करावे लागते.

‘आज बसायचंय, गोळी नको’

दारूबरोबर गोळी बाधेल या भीतीने त्या दिवशीची गोळी गाळणे ही पिण्याइतकीच, कधी त्याहूनही, घातक सवय आहे. अमिओडॅरोन शरीरातून निम्मे कमी व्हायला सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात. एका संध्याकाळी ते न घेतल्याने काहीही साधत नाही. रक्त पातळ करणाऱ्या ॲपिक्साबॅनचे निम्मे होणे मात्र सुमारे १२ तासांचे. ते टाळले की नेमक्या ज्या रात्री ठोके बिघडण्याची शक्यता सर्वाधिक, त्याच रात्री गुठळीपासूनचे संरक्षण नाहीसे होते. मेटोप्रोलॉल एकाएकी थांबवले तर ठोके उसळी मारतात. पिणे झालेच असेल तर ठरलेली गोळी ठरल्या वेळी घ्यावी, चुकलेल्या दोन एकदम घेऊ नयेत, आणि चक्कर, फार मंद नाडी किंवा उलट्या असतील तर डॉक्टरांना विचारावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

भारतात वॉरफॅरिन व ॲसिट्रॉम (ॲसेनोकुमारॉल) ही जुनी औषधे अजून मोठ्या संख्येने वापरात आहेत. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ, आणि त्यांच्यात नवी औषधे कमी पडतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हारोक्सॅबॅन या नव्या औषधापेक्षा जुनी औषधेच सरस ठरली. या औषधांचा परिणाम आयएनआर या तपासणीने मोजतात व तो बहुधा २ ते ३ दरम्यान ठेवतात. एका रात्रीत खूप पिण्याने यकृत गुंतते, आयएनआर चढतो व रक्तस्राव होतो. रोज पिणाऱ्यात यकृत औषध भराभर संपवते, आयएनआर घसरतो व गुठळी होते. मग यकृत निकामी होऊ लागले की तो पुन्हा चढतो. पाच दिवस कोरडे आणि दोन दिवस भरपूर अशी रीत असलेल्याचा आकडा डॉक्टरांना स्थिर करताच येत नाही. नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण जठरातून रक्त जाण्याचा धोका त्यांनाही चुकत नाही. रक्तस्रावाचा धोका मोजणाऱ्या हॅस-ब्लेड गुणपद्धतीत जास्त दारूला स्वतंत्र एक गुण आहे.

पडण्याचा प्रश्न याहून साधा आणि याहून गंभीर. पिऊन झोपलेला माणूस रात्री लघवीला उठतो, तोल जातो, मोरीच्या कट्ट्यावर डोके आपटते. सकाळी डोके दुखते ते ‘हँगओव्हर’ म्हणून सोडून दिले जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्याच्या डोक्याला लागले, तर तो बरा वाटत असला तरी स्कॅन करून घ्यावा. पक्षाघातातही हीच फसगत होते. बोबडी वळली, पाय ओढतोय, तर घरचे म्हणतात ‘चढलीये, झोपू दे’. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देता येईल का हे शेवटची गोळी केव्हा घेतली यावरही ठरते. तोंड एका बाजूला वाकडे, एकच हात लुळा, असे दिसले तर दारूचा वास येत असला तरी १०८ ला फोन करावा आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. काळी शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे यांतही तसेच.

दारू बंद करताना

रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात सोडणे सुरक्षित नसते. दोन-चार दिवसांत हात थरथरणे, घाम, भास, फिट येणे अशी लक्षणे दिसतात, आणि या काळात वाढलेले ॲड्रिनलिन व घटलेले पोटॅशियम ठोके पुन्हा बिघडवतात. अशा रुग्णाला दाखल करून सोडवणे बरे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या (स्थापना १९८६) व्यसनमुक्ती केंद्रात जाताना हृदयाच्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत द्यावी.

आपल्याकडे एक वेगळाच धोका आहे. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींची भुकटी किंवा कोणाकडून मिळालेली डायसल्फिराम घरची माणसे जेवणात मिसळतात. डायसल्फिरामवर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, रक्तदाब कोसळतो, ठोके बेफाम होतात. हृदयविकाराच्या रुग्णात हे जिवावर बेतू शकते. शिवाय ते वॉरफॅरिनचा परिणाम वाढवते. नाल्ट्रेक्सोन व ॲकॅम्प्रोसेट यांत अशी प्रतिक्रिया येत नाही. पहिल्यासाठी यकृत आणि दुसऱ्यासाठी मूत्रपिंडे तपासून, हृदयरोगतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ मिळून त्यांतले एक निवडतात, आणि ते रुग्णाच्या संमतीनेच सुरू करतात.