घड्याळातला एचआरव्ही आला कुठून?

सध्या सकाळी नागपुरात अंबाझरी तलावाकडे फिरायला गेलं की बीपी-शुगरच्या गप्पांत हा एक नवा आकडा घुसलेला ऐकू येतो, "माझा एचआरव्ही बत्तीसच दाखवून राहिला ना भाऊ, तुमचा किती?" आणि मग साठीतले काका पंचविशीतल्या पोराचा आकडा ऐकून तोंड पाडून बसतात. काहून बाप्पा? हा आकडा जन्मला कुठे, कोणावर मोजला गेला आणि मनगटावर कसा पोचला हे माहीत नसल्यामुळेच ही सगळी तुलना चालते.

आधी तो असतो काय ते बघू. नाडी ६० आहे म्हणजे ठोका बरोब्बर दर सेकंदाला पडतो असं बिलकुल नाही. एक अंतर ९६० मिलिसेकंदांचं, पुढचं १०२०, त्यापुढचं ९९०, असं चाललेलं असतं आणि ह्या कमीजास्तपणाचं माप म्हणजे एचआरव्ही, हार्ट रेट व्हेरिएबिलिटी. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. मनगटावर बोटं ठेवून सावकाश खोल श्वास घ्या, तरुण माणसाला तर हातालाच कळतं.

नाडीची चाल बघणं आपल्याकडे जुनंच. शार्ङ्गधर संहितेत वाताची नाडी साप-जळूसारखी, पित्ताची कावळा-बेडकासारखी, कफाची हंस-कबुतरासारखी असं सांगितलंय. त्यावरून "हे तर आपल्याला आधीच माहीत होतं" असले मेसेज फिरतात ते मला काही पटत नाहीत, मिलिसेकंद मोजणं ही वेगळी गोष्ट आहे. पण नाडी नुसती मोजायची नाही, तिची चालही बघायची, ही समज होती हे खरं.

मोजमापाची सुरुवात इंग्लंडच्या स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्यापासून धरतात, त्याने घोड्यांच्या धमनीत नळी घालून प्रयोग केले आणि १७३३ मध्ये छापले, त्यात श्वासाबरोबर दाब आणि नाडी हलते हे त्याला दिसलं. १८४७ मध्ये जर्मनीच्या कार्ल लुडविगने फिरत्या ढोलावर रेघ ओढणारं यंत्र बनवून कुत्र्यात तेच कागदावर उतरवलं. त्याच सुमारास वेबर भावांनी दाखवलं की व्हेगस नावाची नस चेतवली की हृदय मंदावतं, आणि १९२१ मध्ये ओटो लोवीने बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून सिद्ध केलं की हे काम ती नस रसायन सोडून करते. ह्यासाठी पुढे १९३६ चं नोबेल अर्धं त्याला मिळालं. व्हेगसचा हुकूम पुढच्याच ठोक्याला लागू होतो, धावपळ-ताणवाल्या सिंपथेटिक नसांना मात्र काही सेकंद लागतात, म्हणून ठोक्या-ठोक्यातला बारीक फरक हा मुख्यतः व्हेगसचाच हिशोब असतो.

दवाखान्यात ह्याचा खरा उपयोग आधी कोणाला झाला, तर पोटातल्या बाळांना! १९६० च्या दशकात अमेरिकेत हॉन आणि ली ह्यांनी पाहिलं की बाळ अडचणीत आलं की ठोक्यांचा वेग बदलायच्या आधीच त्यांच्यातला फरक बदलतो. आजही लेबर रूममध्ये बाळाच्या ठोक्यांचा कागद बघताना डॉक्टर तो फरक बघतातच. मग १९७० च्या दशकात एडिनबर्गच्या युइंगने शुगरच्या पेशंटसाठी सोपी टेस्ट काढली, मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायचे आणि ठोक्यांच्या सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगातला फरक बघायचा, मिनिटाला १५ ठोके किंवा वर असला तर ठीक, १० किंवा खाली म्हणजे नसांना मार बसलाय.

आणि १९८७ मध्ये आला तो अभ्यास ज्याच्यामुळे हा आकडा गाजला. अमेरिकेत क्लायगर आणि त्यांच्या टीमने हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ लोकांना अटॅकनंतर साधारण अकरा दिवसांनी चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ईसीजी नोंदवत राहणारं यंत्र, लावला आणि सरासरी ३१ महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचा एसडीएनएन (ठोक्यांमधली अंतरं आपल्या सरासरीपासून किती हलतात त्याचं माप) ५० मिलिसेकंदांच्या खाली होता त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वर असणाऱ्यांपेक्षा ५.३ पट निघाला. आता गंमत बघा, हा ५० चा आकडा अटॅक आलेल्या लोकांचा, पूर्ण दिवस-रात्रीच्या रेकॉर्डिंगचा. तो उचलून कोणी घड्याळातल्या मिनिटभराच्या बत्तीसला लावला तर घाबरायला होणारच, पण ती मोजणीच वेगळी आहे. १९९६ मध्ये युरोप-अमेरिकेच्या हृदयतज्ज्ञांनी एकत्र बसून नियम ठरवले, पाच मिनिटांचं नाहीतर चोवीस तासांचं रेकॉर्डिंग वापरा आणि वेगवेगळ्या लांबीची रेकॉर्डिंग एकमेकांशी ताडू नका, हे त्यात लिहिलेलं आहे. वाचतो कोण म्हणा.

मनगटाचा रस्ता दवाखान्यातून नाही, मैदानातून आला. फिनलंडमध्ये १९७७ मध्ये पोलर कंपनी निघाली, छातीच्या पट्ट्यावरून खेळाडूंची नाडी बिनतारी दिसायला लागली, मग आज जोरात पळायचं की आराम करायचा हे ठरवायला एचआरव्ही वापरणं सुरू झालं. त्यानंतर हिरव्या लाईटने त्वचेखालचं रक्त बघणारी घड्याळं आली आणि २०१७ पासून अॅपलच्या घड्याळातही हा आकडा आला. पण अॅपल एसडीएनएन दाखवतं, ओराची अंगठी नि व्हूपचा पट्टा झोपेतला आरएमएसएसडी (लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकाचं माप), म्हणजे दोन मित्र वेगवेगळी घड्याळं घालून आकडे जुळवत असतील तर आधी ते एकच गोष्ट मोजताहेत का तेच बघावं लागेल. वरून वय वाढलं की हा आकडा सगळ्यांचाच खाली येतो.

स्वतःच्याच आकड्याची काही आठवड्यांची चाल बघणं ह्याला मात्र अर्थ आहे. रात्री उशिरा दारू झाली, ताप आला, झोप मोडली, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पाणी न पिता हिंडणं झालं, की तो घसरतो आणि बहुतेक वेळा आपोआप सावरतो. उलटं जास्त सांभाळायचं, वयस्क माणसाचा आकडा एकाएकी दुप्पट-तिप्पट झाला तर खुश होऊ नका, एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या हृदयाचा ताल बिघडण्याच्या आजारात ठोके वेडेवाकडे पडतात आणि काही घड्याळं तेच उत्तम एचआरव्ही म्हणून दाखवू शकतात, अशा वेळी सरळ ईसीजी काढून घ्या.