धरणाच्या वरचे पाडे : तानसा खोऱ्यातील मृद व जलसंधारणाची पार्श्वभूमी

शहापूर तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय याच तालुक्यात आहेत, आणि तरीही ठाणे जिल्ह्याचा टंचाई आराखडा तयार होतो तेव्हा टँकरची मागणी प्रामुख्याने शहापूर आणि मुरबाडच्या गावपाड्यांतून येते. 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण त्यामुळे इथे दर एप्रिलमध्ये उगाळली जाते. म्हण खोटी नाही, पण थोडी फसवी आहे. धरण बहुतेक पाड्यांच्या उशाला नसून पायथ्याला आहे. जलाशयातले पाणी खाली आणि वस्ती वर, टेपाडावर, अशी रचना असल्याने पाड्याचा प्रश्न त्या पाण्याच्या वाटपाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उतारावर पडलेला पाऊस उतारावरच किती काळ थोपवता येतो याचा आहे.

भूगर्भ इथे साथ देत नाही. मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम आणि लगेच काळा कातळ. पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात. परंतु कातळात पाणी साठायला फारशी जागा नसल्याने आणि उतार तीव्र असल्याने ते झऱ्यांवाटे लवकर निघून जाते, आणि होळीच्या सुमारास विहिरींचा तळ दिसू लागतो. मग नाल्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणायचा, पाणी झिरपून वर येईपर्यंत काठावर बसून राहायचे आणि वाटीने हंडा भरायचा, हे काम बायकांच्या वाट्याला येते.

या खोऱ्यात माती आणि पाणी राखण्याचा सरकारी विचार प्रथम झाला तो शेतासाठी नव्हे, तलावासाठी. तानसा नदीवरचे सुमारे २,८०० मीटर लांबीचे दगडी धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. धरणाच्या माथ्यावरचे जंगल तुटले तर माती सुटणार आणि गाळ जलाशयात येणार, हे उघड होते. त्यामुळे पाणलोटातले, म्हणजे जिथले पाणी वाहून जलाशयात येते त्या भागातले, जंगल टिकणे ही शहराची गरज ठरली. पुढे १९७० मध्ये तानसा वन्यजीव अभयारण्य जाहीर झाले आणि या जंगलाला आणखी एक कायदेशीर कवच मिळाले.

धरणाचे बांधकाम सुरू झाले त्याच सुमारास ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून सरकारने वन आयोग नेमला होता आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. वादाच्या मुळाशी राब होता. भाताची रोपे टाकण्यापूर्वी झाडांचा टहाळ, पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची, ही इथली जुनी रीत. जंगल राखीव झाले की टहाळ बंद, आणि टहाळ बंद झाला की भाताचे कसे होणार, हा शेतकऱ्याचा साधा प्रश्न होता. जंगल राखणारा आणि शेत कसणारा समोरासमोर उभे राहण्याची सुरुवात तिथे झाली, आणि नंतरच्या शंभर वर्षांत त्यांच्यातले अंतर फारसे कमी झाले नाही.

शेतासाठीचे सरकारी मृदसंधारण बरेच उशिरा आले. मुंबई प्रांताने १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला, परंतु त्याचा भर देशावरच्या अवर्षणप्रवण भागांत बांधबंदिस्ती करण्यावर होता. पुढे १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना आली, १९८३ पासून समन्वित पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि १९९२ मध्ये राज्यात जलसंधारण विभाग स्वतंत्र झाला. या साऱ्या प्रवासात कमी पावसाचा प्रदेश डोळ्यांसमोर होता, आणि ते स्वाभाविकही होते. पण सोलापूरकडे पाऊस जिरवणारा समपातळी (उताराला आडवा, एकाच उंचीवरून जाणारा) मातीचा बांध शहापूरच्या जुलैमधल्या एका रात्रीच्या पावसात फुटून जातो. इथे चालते ती मजगी, म्हणजे उतार कापून आणि बांध घालून भातखाचरे करणे, आणि ओहोळात वरपासून खालपर्यंत रचलेले दगडी बांध. भातखाचराचा बांध हे कोकणातले सर्वांत जुने मृदसंधारण आहे. त्याला योजनेचे नाव मात्र फार उशिरा मिळाले.

वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या, जमिनीची अडचण वेगळी होती. नाचणी आणि वरी पिकवणारी डोंगरउतारावरची बरीच जमीन ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत होती, परंतु कागदावर ती वनजमीन होती. उद्या हटवले जाण्याची धास्ती असलेला माणूस त्या जमिनीवर दगडी ताल (माती अडवणारा बांध) कशासाठी घालील? वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, कसत असलेल्या वनजमिनीवरचे दावे मंजूर होऊ लागले, आणि पट्टा हाती आलेल्या शेतकऱ्याला रोजगार हमीतून स्वतःच्या जमिनीवर बांधबंदिस्ती करून घेण्याची वाट मोकळी झाली. माझ्या मते या खोऱ्यापुरता हा बदल डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाहून किंवा २०१७ च्या गाळमुक्त धरण योजनेहून मूलगामी आहे, जरी फलक त्या दोहोंचेच अधिक लागले.

लोकांच्या हातात सर्वाधिक रुळलेला प्रकार मात्र वनराई बंधाऱ्याचा. भातकापणी उरकली आणि ओहोळाची धार बारीक झाली की सिमेंटच्या, खताच्या रिकाम्या गोण्या गोळा होतात. त्यांत पात्रातली वाळू-माती भरायची, सुतळीने तोंडे शिवायची आणि वीट रचावी तशा सांधे चुकवून दोन रांगा लावायच्या. मधल्या पोकळीत चिकणमाती तुडवून बसवायची. मजुरी गावची, खर्च जवळजवळ नाहीच. मागे कमरेएवढे पाणी साठते, शेजारच्या विहिरीची पातळी थोडी टिकते, गुरांची सोय होते, काठच्या जमिनीत वाल किंवा भाजीपाला निघतो. पाणी पुरते ते बहुधा फेब्रुवारी-मार्चपर्यंत. जूनच्या पहिल्या मोठ्या लोंढ्यात गोण्या वाहून जातात, आणि दिवाळीनंतर पुन्हा कोणीतरी घरोघर रिकाम्या गोण्या मागत फिरते.