घरभरणी

नव्या बांधलेल्या घरात कुटुंबाने विधिपूर्वक राहायला जाणे, म्हणजे त्या घराचा ताबा घेणे. हा शब्द मुख्यतः कोकण-गोव्याकडचा. देशावर वास्तुशांत किंवा नुसतेच ‘वास्तू’ म्हणतात (‘रविवारी आमची वास्तू आहे, जेवायलाच या’), तर पत्रिकेवर गृहप्रवेश छापला जातो. नवरी सासरी पहिले पाऊल टाकते त्यालाही काही ठिकाणी घरभरणीच म्हणतात. कल्पना दोन्हीकडे एकच: रिकामे घर भरायचे. म्हणून घरात रिकाम्या हाताने शिरत नाहीत. देव, पेटता दिवा, पाण्याची कळशी, धान्य आणि मीठ आधी आत जाते, पलंग-कपाटे मागाहून. खेड्यात सवत्स, म्हणजे वासरासह, गाय पुढे घालण्याची चाल आहे. चुलीवर पहिले दूध उतू जाऊ देतात. एरवी ज्यावरून घर डोक्यावर घेतले जाते, ते त्या दिवशी शुभ ठरते.

यामागची कल्पना जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वास्तोष्पतीला, म्हणजे घराच्या अधिपतीला, ‘आम्हाला आपले म्हण’ अशी विनवणी आहे. मत्स्यपुराणात वास्तुपुरुषाची कथा येते: अंधकासुराशी लढताना शिवाच्या घामातून एक अक्राळविक्राळ प्राणी उपजला, देवांनी त्याला जमिनीवर पालथा दाबून धरला आणि ज्याने जो अवयव धरला तो तिथेच वसला. 81 पदांच्या (चौकोनांच्या) वास्तुमंडलात 45 देवता मांडतात, त्या याच. घर बांधताना जमीन खणली, झाडे तोडली, जीव मेले, त्याची शांत करायची म्हणून वास्तुशांत. अधिक महिना आणि गुरू-शुक्राचा अस्त सहसा टाळतात.

होमानंतर घराभोवती सूत गुंडाळून दुधा-पाण्याची धार धरतात. मग आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेऊन वास्तुप्रतिमा पालथी पुरतात. सोबत सप्तधान्य, पंचरत्न आणि शेवाळ. सातव्या मजल्यावर खड्डा कुठला? फरशीवाल्याला आधीच सांगून आग्नेयेची एक फरशी बसवायची ठेवतात, तिच्याखाली बोटभर खळगा करतात, प्रतिमा ठेवून झाली की तोच कारागीर सिमेंट कालवून फरशी बसवतो. सुताची फेरीही मग आतल्या आतच, भिंतींच्या कडेने. फरशी फोडायला मन धजत नसेल तर भिंतीत कोनाडा करतात. पुढे सणावारी त्या जागी नैवेद्य दाखवतात. गवंडी-सुतारांना आहेर देण्याची रीतही जुनी, पण फ्लॅटमध्ये ती जवळजवळ बुडाली. भिंत कोणी बांधली हेच घरमालकाला ठाऊक नसते.

सिंधुदुर्गात ब्राह्मणी होमाइतकेच, किंबहुना जास्त, वजन गाऱ्हाण्याला, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेल्या विनवणीला, असते. जाणता माणूस राखणदाराला, म्हणजे त्या जागेच्या रक्षक देवाला, हाक मारून घर पदरात घालतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

शहरात दुसरी घरभरणी कागदावर होते, आणि पंचाईत तिथेच आहे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्याजोगी असल्याचा पालिकेचा दाखला, बोलीभाषेत ओसी) मिळण्याआधी राहायला जाऊ नये, हे 1963 च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यानेच, म्हणजे मोफाने, सांगून ठेवले आहे. तरी ‘फक्त पूजेपुरती’ किल्ली मागून वास्तुशांत उरकली जाते. मुहूर्त महापालिकेच्या फायलीसाठी थांबत नाही. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास), कायद्यानुसार ताबा लांबला तर विकासकाला व्याज द्यावे लागते, ओसीनंतर दोन महिन्यांत ग्राहकाने ताबा घ्यायचा असतो आणि ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ताबापत्रावर ‘कोणतीही तक्रार नाही’ असे छापलेले असते. हार-तोरणांच्या घाईत सही होऊन जाते. न्हाणीघराचा उतार उलटा आहे हे पहिल्या आंघोळीला कळते, म्हणून सहीआधी बादलीभर पाणी ओतून पाहावे, ते मोरीकडे जाते की दाराकडे.

वास्तुपुरुष जमिनीचा, पण इमारतीखालची जमीन ताब्यानंतरही बऱ्याचदा विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहते. ती गृहनिर्माण संस्थेच्या नावे व्हायला अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) लागते. ते करून द्यायला समोरचा तयार नसेल, तर मोफाच्या 2008 च्या दुरुस्तीने आलेल्या मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.