गर्भनिरोधक गोळी, रिफॅम्पिसिन आणि माणसाच्या यकृतपेशी

रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरचं औषध १९६०च्या दशकाच्या अखेरीस वापरात आलं. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत १९६० सालीच मान्यता मिळाली होती. दोन्ही एकाच बाईच्या पोटात जातील तेव्हा काय होईल, हे आधी कुणी तपासलंच नव्हतं. १९७१ मध्ये जर्मनीत रायमर्स आणि येझेक या संशोधकांना क्षयरोगाच्या काही रुग्ण स्त्रियांमध्ये पाळीच्या मधेच रक्तस्राव होताना दिसला. पुढच्या पाहणीत दोन्ही औषधं घेणाऱ्या ८८ स्त्रियांपैकी ६२ जणींची पाळी बिघडली होती आणि पाच जणींना दिवस गेले होते. गोळी न चुकवताही दिवस गेलेल्या बाईला तेव्हा काय काय ऐकावं लागलं असेल, हा विचार मनातून जात नाही.

दोष बाईचा नव्हता, यकृतात काहीतरी बदलत होतं. गोळीतलं एथिनिल इस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम इस्ट्रोजेन संप्रेरक १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत तयार झालं, तेच मुळी यकृताला ते लवकर मोडता येऊ नये अशा घडणीचं. त्यामुळेच तोंडाने घेऊनही ते टिकतं. बोल्ट आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये रिफॅम्पिसिन घेतलेल्या रुग्णांच्या यकृताचे बारीक तुकडे तपासले, तर हे संप्रेरक मोडण्याचा वेग सुमारे चौपट झालेला. हे काम मुख्यतः सीवायपी ३ए४ हा एन्झाइम करतो, हे १९८८ मध्ये गेंगरिच यांनी दाखवलं.

पण प्रत्येक नव्या औषधासाठी माणसाच्या यकृताचा तुकडा कुठून काढणार? उंदरांवर भरवसा ठेवता येईना, कारण माणसात इतकं जोरदार ठरणारं रिफॅम्पिसिन उंदरावर जवळजवळ काहीच करत नाही. कारण कळलं १९९८ मध्ये. औषध ओळखून एन्झाइम वाढवण्याचा हुकूम देणारा पीएक्सआर नावाचा पेशीतला ग्राही (रिसेप्टर) तेव्हा सापडला आणि माणसाचा व उंदराचा ग्राही वेगवेगळी औषधं ओळखतो, हे स्पष्ट झालं.

यकृत दळून काढलेल्या अर्कावर भागत नाही, ते यामुळेच. अर्कात आहे तेवढाच एन्झाइम मोजता येतो. नवा एन्झाइम बनायचा तर जिवंत पेशी हवी, तिचं केंद्रक हवं. प्रत्यारोपणाला न चाललेल्या यकृतांतून कोलॅजिनेज (पेशींना धरून ठेवणारं जाळं मोडणारा एन्झाइम) वापरून पेशी सुट्या करायच्या, त्या ताटलीत वाढवायच्या, दोन-तीन दिवस औषध द्यायचं आणि मग संप्रेरक किती वेगाने मोडतं ते पाहायचं, अशी पद्धत रुळली. माणसामाणसांत फरक फार, म्हणून किमान तीन दात्यांच्या पेशी घेतात. १९९९ मध्ये अशाच पेशींमध्ये दिसलं, की रिफॅम्पिसिनमुळे एथिनिल इस्ट्रॅडिऑलला सल्फेट जोडण्याचं, म्हणजे ते निकामी करण्याच्या दुसऱ्या वाटेचं कामही वाढतं. म्हणजे गोष्ट एकट्या ३ए४ची नव्हती.

नवं औषध यकृतातले हे एन्झाइम वाढवतं का, हे ताडून पाहायला आज प्रयोगशाळेत रिफॅम्पिसिनच मापदंड म्हणून शेजारच्या ताटलीत असतं.

आपल्याकडे हा प्रश्न विशेष जवळचा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि सहा महिन्यांच्या नेहमीच्या उपचारात रिफॅम्पिसिन शेवटपर्यंत असतं. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एन गोळीत एथिनिल इस्ट्रॅडिऑल आहे फक्त ३० मायक्रोग्रॅम. सुरुवातीच्या गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन याच्या कितीतरी पट असे. मात्रा कमी झाल्याने दुष्परिणाम घटले, पण यकृताने थोडं जास्त मोडलं तरी चालेल अशी सवडही उरली नाही. म्हणून उपचार चालू असताना आणि संपल्यावरही चार आठवडे तांबीसारखा दुसरा उपाय सुचवला जातो, कारण वाढलेले एन्झाइम ओसरायला तेवढा वेळ लागतो.