उन्हाळी शिबिरातील कार्यकर्त्यांचे पूर्वप्रशिक्षण

उन्हाळी शिबिरातील कार्यकर्त्यांचे पूर्वप्रशिक्षण : मुले शिबिरात दाखल होण्याआधी तेथील नव्या आणि परतून आलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना शिबिराच्याच जागेवर दिले जाणारे प्रशिक्षण. ही पद्धत सर्वांत जास्त रुजली ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, म्हणून या नोंदीत मुख्यतः तेथील निवासी शिबिरांचा विचार केला आहे. तेथील शाळांना जून ते ऑगस्ट अशी लांब सुटी असते आणि शिबिरे त्याच काळात भरतात. कार्यकर्ते मुलांच्या साधारण आठवडाभर आधी येतात. या दिवसांना तेथे ‘स्टाफ वीक’ किंवा ‘प्री-कॅम्प’ म्हणतात.

मुलांबरोबर राहणाऱ्या कार्यकर्त्याला तेथे ‘काउन्सेलर’ म्हणतात. शब्दकोशातला ‘समुपदेशक’ हा अर्थ येथे लागू पडत नाही. आपल्या शिबिरांतले ‘ताई’ आणि ‘दादा’ हेच त्याचे खरे मराठी रूप. तो मुलांच्याच केबिनमध्ये, म्हणजे त्यांच्या राहण्याच्या झोपडीवजा खोलीत झोपतो, त्यांच्याबरोबर जेवतो, त्यांना पोहायला नेतो आणि रात्री कोणी रडू लागले तर उठतो. बहुतेक काउन्सेलर महाविद्यालयात शिकणारे, अठरा ते बावीस वर्षांचे असतात. ‘अमेरिकन कॅम्प असोसिएशन’ या संस्थेच्या मानकांनुसार निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, ९ ते १४ वर्षांच्या आठ मुलांमागे एक आणि १५ ते १८ वर्षांच्या दहा मुलांमागे एक कार्यकर्ता असावा लागतो. म्हणजे नुकताच स्वतःच्या घरातून बाहेर पडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा दुसऱ्यांची आठ मुले दिवसरात्र सांभाळतो. पूर्वप्रशिक्षणाचे सगळे महत्त्व याच एका गोष्टीत आहे.

त्यातून हे काम हंगामी. वर्षात सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या मनोरंजन व करमणुकीच्या आस्थापनांना तेथील १९३८ च्या श्रममानक कायद्यात किमान वेतनातून सूट आहे आणि बरीच शिबिरे तिच्यात बसतात. राहणे-जेवणे शिबिराकडे असते, हातात येणारी रक्कम मात्र बेताची. त्यामुळे दोन-तीन उन्हाळे काम करून माणसे पुढे निघून जातात, आणि शिबिराला दरवर्षी नव्या माणसांपासून सुरुवात करावी लागते.

पूर्वेतिहास

अमेरिकेतल्या संघटित शिबिरांचा आरंभ साधारणपणे १८६१ मध्ये मानला जातो. त्या वर्षी कनेटिकट राज्यातील वॉशिंग्टन या गावचे शाळाचालक फ्रेडरिक गन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रकिनारी मुक्कामाला गेले. १८८१ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाचा विद्यार्थी अर्नेस्ट बाल्च याने न्यू हॅम्पशरमधील एका तळ्यातल्या बेटावर ‘कॅम्प चोकोरुआ’ सुरू केला. या सुरुवातीच्या शिबिरांत वेगळे प्रशिक्षण नव्हते. चालकाने चार ओळखीचे तरुण निवडायचे आणि त्यांनी पाहून पाहून शिकायचे, अशी रीत होती. १९१० मध्ये शिबिरचालकांची संघटना स्थापन झाली. आजची ‘अमेरिकन कॅम्प असोसिएशन’ तिच्यातूनच वाढली. प्रौढांना शिबिर शिकवता येते, नव्हे शिकवावे लागते, हा विचार ठसवण्यात बालवीर चळवळीचा मोठा वाटा आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर मुलांचे शिबिर भरवले आणि १९१९ मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्क येथे नायकांसाठी ‘वुड बॅज’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. तेथे मोठ्या माणसांनाही मुलांप्रमाणेच तुकड्या पाडून तंबूत राहायला लावत. आजच्या स्टाफ वीकमध्ये कार्यकर्त्यांना आधी स्वतः शिबिरार्थी करून पाहतात, त्याचे मूळ या पद्धतीत दिसते.

आठवड्याचे स्वरूप

पहिल्या दिवसात ओळखी, परिसराची फेरी, कागदपत्रे आणि नियमपुस्तिका असते. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. एकमेकांशी मने जुळवणारे खेळ आणि दोरखंडांवरचे उपक्रम मात्र सर्वत्र आढळतात. या उपक्रमांची भाषा बरीचशी ‘प्रोजेक्ट ॲडव्हेंचर’ या १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या संस्थेकडून आली आहे. आव्हान समोर ठेवायचे, पण किती उंच चढायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, हे तिचे सूत्र. कार्यकर्त्याने स्वतः घाबरून अर्ध्या शिडीवरून खाली येऊन पाहिलेले असले, तर पुढे मुलाला ‘चढ रे, काही होत नाही’ असे तो सहसा म्हणत नाही.

आरोग्याच्या तासात मुलांची सगळी औषधे परिचारिकेकडे जमा करण्याचा नियम, अन्नाच्या ॲलर्जीची यादी आणि तीव्र ॲलर्जीच्या झटक्यावरचे एपिनेफ्रिनचे इंजेक्शन मांडीत कसे द्यायचे याचा सराव होतो. ईशान्येकडील राज्यांत गोचिडीची तपासणी शिकवतात. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे नावच मुळी कनेटिकटमधल्या लाइम गावावरून पडले आहे. रोग अंगात जाण्यासाठी गोचीड बहुधा २४ तासांहून अधिक काळ चिकटून राहावी लागते, म्हणून रोज संध्याकाळी काखा, गुडघ्यांच्या लवणी आणि कानांमागे पाहणे हाच मोठा बचाव. वीज कडाडली की पाण्याबाहेर यायचे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटे थांबायचे, हेही येथेच पाठ करून घेतात.

पाणी

बहुतेक जुनी शिबिरे तळ्याकाठी आहेत, त्यामुळे सर्वांत कडक सराव पाण्याचा असतो. जीवरक्षकाचे प्रमाणपत्र दोन वर्षांनी नव्याने घ्यावे लागते. जीवरक्षक नसलेल्यांनाही काम नेमून दिलेले असते. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाचा जोडीदार ठरलेला असतो, आणि काठावरच्या फळीवर प्रत्येकाचा क्रमांकाचा बिल्ला टांगलेला असतो. उतरताना बिल्ला उलटायचा, बाहेर येताना सुलटा करायचा. ठरावीक वेळाने शिटी वाजली की जोडीदारांनी एकमेकांचे हात धरून वर करायचे. मग डोकी मोजायची आणि फळीशी ताळा घ्यायचा. ताळा जमला नाही, तर मूल कदाचित बिल्ला न उलटता स्वच्छतागृहात गेले असेल, असे म्हणत बसायचे नाही. ते पाण्यात आहे असेच धरून चालायचे.

या ‘हरवलेला पोहणारा’ सरावात सगळी मुले एका जागी बसवून मोजतात. जीवरक्षक खोल पाण्यात बुड्या मारतात. बाकीचे कार्यकर्ते हातात हात गुंफून उथळ पाण्यात एका ओळीत उभे राहतात आणि पायांनी तळ चाचपत पुढे सरकतात. पहिल्यांदा हा सराव करणाऱ्यांना तो थोडा गमतीचा वाटतो. आपण पायाने नेमके काय शोधतो आहोत हे ध्यानात आले की ओळ एकदम गप्प होते.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, हा समज याच आठवड्यात मोडावा लागतो. न्यूयॉर्कचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी ब्राँक्समधील ऑर्चर्ड बीचवर बुडणाऱ्यांचे निरीक्षण करून दाखवले की बुडणे बहुधा निःशब्द असते. श्वास घेता येत नाही तेथे हाक कोठून निघणार? हात दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत राहतात, शरीर उभे राहते आणि हे सारे २० ते ६० सेकंदांत संपते. त्यामुळे काठावर बसलेल्या कार्यकर्त्याने कान टवकारून उपयोग नाही. त्याला पाहत राहावे लागते.

केबिन आणि रात्र

दिवसाचे कार्यक्रम कागदावर आखता येतात, रात्र आखता येत नाही. दिवे मालवल्यावर एखाद्या पलंगावरून मुसमुसणे ऐकू येते, तेव्हा नवा कार्यकर्ता गडबडतो. घरची आठवण हा आजार नव्हे, घर सोडून आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला ती कमीअधिक होते. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर यांनी शिबिरांतील मुलांवर या विषयाचा दीर्घ अभ्यास केला आहे. ‘नाहीच करमले तर येऊन घेऊन जाऊ’ हे आईवडिलांनी निघताना दिलेले आश्वासन मुलाचे रुळणे अवघड करते, असे ते सांगतात. कार्यकर्त्याला शिकवतात ते असे : आठवण येणे साहजिक आहे हे मान्य करावे, उद्याच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीकडे मुलाचे लक्ष वळवावे, आणि खोटे वचन देऊ नये. ‘उद्या फोन करू’ हे सहज निसटलेले वाक्य दुसऱ्या दिवशी सगळी केबिन धरून बसते.

अंथरूण ओले होण्याचा प्रसंगही सरावात घेतात. बाकीची मुले न्याहारीला गेल्यावर चादर किंवा स्लीपिंग बॅग गुपचूप बदलायची, सुकवायची आणि पुन्हा होती तशी मांडून ठेवायची. मुलाशी बोलायचे ते एकट्याने, दोन वाक्यांत. नऊ वर्षांच्या मुलाची त्या उन्हाळ्यातली सगळी अब्रू त्या चादरीवर असते. नियमपुस्तिकेत हा भाग चार ओळींचा असतो, पण प्रशिक्षकाने त्यावर खुशाल अर्धा तास द्यावा.

बालसंरक्षणाच्या नियमांचा गाभा साधा आहे. मुलाबरोबर बंद दाराआड एकटे राहायचे नाही. एकांतात बोलायचे असेल, तर इतरांच्या नजरेच्या टप्प्यात बसून बोलायचे. अमेरिकी बालवीर संघटनेत प्रत्येक उपक्रमाला किमान दोन प्रौढ हजर असण्याची अट आहे. मुलाने काही सांगितले तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे कबूल करू नये. छळाचा संशय आल्यास कळवण्याची सक्ती अमेरिकेच्या सर्व राज्यांत आहे. कोणावर ती सक्ती, हे मात्र राज्यागणिक बदलते, म्हणून शिबिराने आपल्या राज्याचा कायदा कार्यकर्त्यांना नीट उलगडून सांगावा लागतो.

परतलेले कार्यकर्ते

नव्यांना शिकवणे अवघड आणि जुन्यांना नुसती उजळणी पुरे, असा समज आहे. प्रत्यक्षात बरेचदा याच्या उलट घडते. नवा माणूस घाबरलेला असतो, म्हणून विचारतो. जुना विचारत नाही. नियम त्याला ठाऊक असतात, पण गेल्या वर्षीचे. मधल्या काळात ॲलर्जीची यादी, तळ्यावरची हद्द, आगीच्या वेळी जमायची जागा बदललेली असते, आणि तो नव्याला मोठ्या आत्मविश्वासाने जुनीच जागा दाखवतो. आणीबाणीचे सराव म्हणूनच कोणालाही माफ नसावेत. दहावा उन्हाळा करणाऱ्यानेही त्या ओळीत उभे राहून तळ चाचपलाच पाहिजे.

दुसरी अडचण गोताची. जुनी मंडळी भेटताच गळ्यात पडतात, गेल्या वर्षीच्या गमती निघतात, जेवणाचे एक टेबल आपोआप ‘त्यांचे’ होते. नवा माणूस ताट घेऊन उभाच राहतो. मुले आल्यावर केबिनमध्येही नेमके हेच घडणार असते. त्यामुळे पहिल्या जेवणाला कोण कोठे बसले हे पाहूनच जाणता शिबिरप्रमुख पुढची जुळवणी करतो. एक जुना आणि एक नवा अशी जोडी एका केबिनला देण्याची पद्धत यातूनच आली.

सर्वांत नाजूक जागा त्यांची, जे याच शिबिरात लहानाचे मोठे झाले. शिबिरार्थी, मग एक-दोन उन्हाळे उमेदवार कार्यकर्ता आणि मग काउन्सेलर, अशी ही चढण असते. अशा मुलाला गाणी, वाटा, सगळे पाठ असते, पण शिबिर त्याने फक्त पलंगावरून पाहिलेले असते. गेल्या वर्षीचे मित्र यंदा त्याच्या देखरेखीखाली असतात आणि समाजमाध्यमांवर अजून मित्रच असतात. त्यांची खोडी लपवायची की सांगायची, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. बढती मिळून युनिटप्रमुख, म्हणजे अनेक केबिनांचे प्रमुख झालेल्यांचेही असेच, कालच्या सोबत्याला आज ‘तू उशिरा आलास’ म्हणावे लागते. यासाठी अनेक शिबिरे जुन्यांना दोन-तीन दिवस आधी बोलावतात आणि व्याख्यानांऐवजी प्रसंग करून घेतात. एखादा तास जुन्यांनीच घ्यावा, हा उपाय चांगला आहे, फक्त तो लेखी टिपणावरून घ्यावा, आठवणीवरून नव्हे.

परदेशी कार्यकर्ते

अमेरिकी शिबिरांत ‘जे-१’ या विनिमय व्हिसावर आलेले परदेशी तरुणही काम करतात. या व्हिसाच्या काउन्सेलर वर्गासाठी वय किमान १८ वर्षे लागते आणि मुक्काम जास्तीत जास्त चार महिन्यांचा असतो. त्यांना शिबिराबरोबर देशही नवा असतो. मुलांच्या पाठीवर थाप मारावी की नाही, रागावताना आवाज किती चढवावा, हे संकेत देशोदेशी वेगळे, आणि ते लिहिलेले नसतात. त्यांच्यासाठी वेगळा तास ठेवणे सोयीचे पडते.

टेक्सासमधील पूर

४ जुलै २०२५ च्या पहाटे टेक्सासमध्ये ग्वादालूप नदीला अचानक पूर आला आणि नदीकाठच्या ‘कॅम्प मिस्टिक’ या मुलींच्या शिबिरातील २७ मुली व काउन्सेलर मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये टेक्सासमध्ये शिबिरांच्या सुरक्षेचे नवे कायदे झाले. पूरक्षेत्रातील केबिनांना मनाई, आणीबाणीचा लेखी आराखडा आणि कार्यकर्त्यांना त्याचे प्रशिक्षण हे त्यांतील मुख्य भाग. अंधारात, वीज नसताना, झोपेतून उठवलेल्या मुलांना घेऊन कोणत्या वाटेने वर चढायचे, हे दिवसाउजेडी चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे रात्रीच्या स्थलांतराचा सराव पूर्वप्रशिक्षणात असायलाच हवा.

महाराष्ट्रातील संबंध

महाराष्ट्रात उन्हाळी शिबिरांची परंपरा जुनी आहे. १९४१ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने शिबिर हेच कार्यकर्ता घडवण्याचे साधन मानले. अलीकडे गिर्यारोहण, निसर्ग आणि साहस शिबिरांची संख्या वाढली आहे. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले आणि आयोजकांची नोंदणी व प्रशिक्षित मार्गदर्शक यांवर त्यात भर आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा तर अमेरिकी राज्यांच्या कायद्यांपेक्षा नेमका आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे माहीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. चार दिवसांच्या शिबिराला आलेला वीस वर्षांचा दादाही त्या ‘कोणत्याही व्यक्ती’त मोडतो, आणि आदल्या संध्याकाळच्या बैठकीत सामानाच्या यादीबरोबर हे त्याला सांगणे आयोजकांचे काम आहे. आपल्याकडे मुले पोहतात ती विहिरीत, नदीच्या डोहात, धरणाच्या फुगवट्यात. तेथे मोजणीच्या फळीला खर्च असा नाही : एक फळी, मुलांइतके खिळे आणि दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगांचे क्रमांकाचे बिल्ले.