ब्राझीलचे नाव धुक्यातल्या बेटावरून पडलेले नाही
आयर्लंडच्या पश्चिमेला, सात वर्षांतून एकच दिवस धुक्याबाहेर येणारे ‘हाय-ब्राझील’ बेट आहे, ही आयरिश लोककथा विलक्षण मोहक आहे. पण ब्राझील देशाचे नाव त्यावरून पडले, हा वर्षानुवर्षे सांगितला जाणारा समज चुकीचा आहे. १३२५ च्या सुमाराच्या नकाशात हे गोल बेट आढळते आणि पुढे शतकानुशतके ते नकाशांत टिकून राहिले, एवढे खरे. मात्र १५०० मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल आजच्या ब्राझीलच्या किनाऱ्यावर पोहोचला तेव्हा त्या भूमीला ‘व्हेरा क्रूझ’ म्हटले गेले. नाव बदलले ते लाकडामुळे. ज्याचा गाभा किसून पाण्यात भिजवला की पाणी तांबडेलाल होते, त्या ‘पतंग’ नावाच्या आशियाई झाडाच्या लाकडाला युरोपात आधीपासूनच ‘ब्राझील’ म्हणत. तेच नाव तिथल्या तशाच झाडाला आणि झाडावरून देशाला मिळाले.