पार्श्वभूमी : कार्डिनल आयव्हन डायस आणि ‘प्रो-नुन्शिओ’ या शब्दाचा गुंता

मुंबईचे माजी आर्चबिशप कार्डिनल आयव्हन डायस यांनी कुठे कुठे काम केले ते वाचताना एक शब्द हमखास अडतो. ‘नुन्शिओ’ म्हणजे पोपचा राजदूत. 1982 पासून घाना, टोगो आणि बेनिनमध्ये ते ‘प्रो-नुन्शिओ’ होते, 1987 पासून दक्षिण कोरियातही ‘प्रो-नुन्शिओ’च. 1991 मध्ये अल्बानियात गेले ते मात्र ‘नुन्शिओ’ म्हणून. वाचणाऱ्याला वाटते, आधी उपराजदूत असावेत, मग बढती मिळाली. तसे अजिबात नाही. तिन्ही नेमणुकांत त्यांचा दर्जा पूर्ण राजदूताचाच होता.

1815 च्या व्हिएन्ना परिषदेपासून पोपच्या राजदूताला मानाचे पहिले स्थान देण्याची रीत होती. तो त्या राजधानीत कालच आलेला असला तरी सगळ्या परदेशी राजदूतांचा तोच अग्रणी. कॅथलिक देशांना यात वावगे वाटत नव्हते. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेतल्या देशांनी हा मान का द्यावा? राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना करारात हा प्रश्न यजमान देशाच्या प्रथेवर सोडला गेला. मग 1965 पासून व्हॅटिकनने वाट काढली : जिथे हा मान आपोआप मिळतो तिथे ‘नुन्शिओ’, मिळत नाही तिथे ‘प्रो-नुन्शिओ’. भारतात 1948 मध्ये त्याखालच्या दर्जाचा ‘इंटरनुन्शिओ’ होता, 1967 मध्ये प्रो-नुन्शिओ आला. 1991 पासून नव्या नेमणुकांमध्ये हा भेद सोडून दिला गेला. डायस यांच्या पदनामातला ‘प्रो’ त्यामुळे गळला. त्यांच्या कामगिरीचे मोजमाप त्या अक्षरांवरून करणे अन्यायाचे आहे.

वांद्र्यात, मूळच्या गोव्याच्या कुटुंबात 1936 चा जन्म, 1958 मध्ये धर्मगुरू म्हणून दीक्षा, मग रोममध्ये चर्चच्या राजनैतिक अकादमीत शिक्षण, पुढे इंडोनेशिया, मादागास्कर वगैरे. 1973 ते 1982 ही वर्षे व्हॅटिकनच्या सचिवालयात गेली. सोव्हिएत संघापासून चीन-व्हिएतनामपर्यंतच्या फायली त्यांच्या टेबलावर होत्या. चर्चला जिथे उघड बोलता येत नव्हते असे बरेचसे देश त्यात आले. हा काळ फार कमी लोक लक्षात घेतात, पण अल्बानियासाठी त्यांचीच निवड का झाली याचे उत्तर मला इथेच दिसते.

अल्बानियात 1967 मध्ये सगळी प्रार्थनास्थळे बंद झाली होती आणि 1976 च्या राज्यघटनेने देश अधिकृतपणे निरीश्वरवादी केला होता. श्कोदर शहराचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, क्रीडागृह बनले होते. नोव्हेंबर 1990 मध्ये त्याच शहराच्या कब्रस्तानात पुन्हा उघडपणे मिस्सा, म्हणजे कॅथलिक सामूहिक प्रार्थना, झाली. पुढच्याच वर्षी राजनैतिक संबंध जुळले आणि डायस तिथे पोहोचले. राजदूताचे काम नेहमी सरकारशी. इथे मात्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या कारभाराचे प्रदेश, नव्याने उभे करायचे होते. दक्षिण अल्बानियाचा कारभार 1992 पासून त्यांनीच सांभाळला. 25 एप्रिल 1993 रोजी तेव्हाच्या पोपनी त्याच कॅथेड्रलमध्ये चार बिशपांना दीक्षा दिली. त्यांतल्या एकाला जुन्या राजवटीने मृत्युदंड ठोठावला होता, नंतर अनेक वर्षे तुरुंगात ठेवले होते.

1996 मध्ये ते मुंबईचे आर्चबिशप झाले, 2001 मध्ये कार्डिनल. 2005 आणि 2013 अशा दोन्ही पोप-निवडणुकांत त्यांनी मतदान केले. मुंबईतली दहा वर्षे सोडली तर त्यांची बहुतेक कारकीर्द बाहेरच गेली. 2006 मध्ये रोमला परत बोलावणे आले ते मिशन प्रदेशांतल्या धर्मप्रांतांची जबाबदारी असलेल्या खात्याचे प्रमुख म्हणून. या पदाला रोममध्ये ‘लाल पोप’ म्हणत. 2011 मध्ये ते निवृत्त झाले आणि जून 2017 मध्ये रोममध्येच वारले.

2022 मध्ये व्हॅटिकनच्या कारभाराची फेररचना झाली. त्यांचे जुने खाते दुसऱ्या एका खात्याशी जोडून नवे खाते झाले आणि प्रमुखपद स्वतः पोपकडे गेले. हाताखाली दोन अधिकारी आले. त्यांचे पदनाम : ‘प्रो-प्रीफेक्ट’ (प्रीफेक्ट म्हणजे खात्याचा प्रमुख). इथे मात्र ‘प्रो’ म्हणजे खरोखरच दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा.